एकर, फर्लांग आणि डेनांचं गाव

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजपासून पूर्वेच्या रॉबिन हुड्स बेपर्यंत ‘कोस्ट टू कोस्ट’ नावाची सुमारे 190 मैलांची पायवाट जाते. आधी सरोवरांचा प्रदेश, मग पेनाइन्सचे डोंगर, शेवटी हेदरची माळरानं. आणि अधेमध्ये रिचमंड ते इंगल्बी क्रॉस हा 23 मैलांचा सपाट पट्टा : गहू, बार्ली, गाईंची कुरणं, पुन्हा गहू. बरेच जण तो एका दिवसात उरकून टाकतात. मला विचाराल, तर शब्दांचा नाद असलेल्या माणसाने एखादा डोंगर सोडावा, पण हा पट्टा सोडू नये.

सुरुवात वाट आखणाऱ्यापासूनच होते. आल्फ्रेड वेनराइटने 1973 साली या वाटेवर पुस्तक काढलं. ‘वेन’ म्हणजे गाडा, ‘राइट’ म्हणजे घडवणारा. म्हणजे हा मूळचा गाड्यांचा सुतार. ‘वेन’ आणि वाटेला म्हणतात तो ‘वे’, दोघंही आपल्या ‘वाहन’मधल्या ‘वह्’ धातूच्या भावकीतले.

शेताच्या कडेने चालताना पायाखाली असतो तो एकर. आपण तो साहेबाकडून घेतला आणि सातबाऱ्याच्या गप्पांत मुरवला. पण जुन्या इंग्रजीत ‘एकर’ म्हणजे नुसतं शेत, माप नंतरचं. ऋग्वेदात ‘अज्र’ हा मैदान किंवा शेत या अर्थाचा शब्द आहे, लॅटिनमध्ये ‘आगेर’ आहे. ही सगळी एकाच घरातली मंडळी. मूळ धातू ‘अज्’ म्हणजे हाकणं, तेव्हा आधी गुरं हाकायची जागा आणि मग नांगरायची, असा प्रवास मानतात. पुढे बैलांच्या जोतावर दिवसभरात नांगरून होईल तेवढी जमीन तो एकर ठरला.

फर्लांग त्याचा जोडीदार. ‘फरो’ म्हणजे नांगराचं तास, आणि ‘लाँग’ म्हणजे लांब. आठ बैलांचा नांगर वळवणं हे महाकर्मकठीण काम, म्हणून तास जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं. पट्टे अरुंद आणि लांबच लांब. ती लांबी पुढे 220 यार्डांवर पक्की झाली. एक फर्लांग लांब आणि 22 यार्डांची एक साखळी रुंद, की झाला एकर. आपला गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट. ते 33 फूट म्हणजे या साखळीचा बरोबर अर्धा. एकराचे चाळीस गुंठे का, याचं उत्तर तिथे आहे.

कुंपण आलं की ‘स्टाइल’ येते. फॅशनमधली नव्हे. कुंपणातून आरपार गेलेली एक आडवी फळी, धरायला उंच खांब. माणूस चढून पलीकडे उतरतो, गाय अलीकडेच राहते. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्तीगन’, म्हणजे चढणं, या क्रियापदावरून हा शब्द आला. रिकिबीला म्हणतात तो ‘स्टिरप’ही तिथलाच : चढायची दोरी. गव्हाच्या शेतापलीकडे दिसणारा ‘बार्न’ तर अगदी भाबडा शब्द आहे, बार्लीचं घर.

दुपारी डॅन्बी विस्क गाव लागतं, संध्याकाळी इंगल्बी. पहिलं डेन लोकांचं गाव, दुसरं इंग्रजांचं. 876 साली डेन सरदार हाफडनने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि त्यांनी तलवारी ठेवून नांगर धरले. इंग्लंडात एखाद्या गावाला ‘इंग्रजांचं गाव’ असं नाव पडावं, याचा अर्थ आजूबाजूला इंग्रज अपवादानेच उरले असावेत. हा मुलूख 1974 पर्यंत ‘नॉर्थ रायडिंग’मध्ये मोडत होता. त्यात घोडेस्वारी कुठेच नाही. नॉर्स भाषेतला ‘तिसरा हिस्सा’ या अर्थाचा शब्द ‘नॉर्थ’च्या शेवटच्या अक्षराशी धडकून सुरुवातीलाच झिजला. आपला ‘तृतीय’ त्याचा दूरचा चुलतभाऊ.

या दोन्ही गावांच्या शेपटीला जो ‘बी’ आहे, तो डेनांचा ‘गाव’वाचक शब्द. गावाने आपसात ठरवलेला कायदा तो ‘बायलॉ’. त्यातला ‘बाय’ हाच असावा असं बहुतेक कोशकार धरतात. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून जुंपल्यावर जो सभासद उठून “आधी बायलॉज दाखवा!” म्हणून टेबल आपटतो, तो व्हायकिंगांच्याच भाषेत भांडत असतो.