चौकटीतली सरहद्द

पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात आले; रचणारा आर्थर विन. इंग्रजी कोड्यात एका घरात एक सुटे अक्षर असते. देवनागरीत घर भरते ते काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट. ‘कविता’ची घरे तीन : क, वि, ता. छेदणाऱ्या शब्दालाही ‘वि’च लागतो, नुसत्या ‘व’वर भागत नाही.

आम्हां इंदूरच्या मराठी माणसांना याहून मोठी अडचण येते ती अर्थाची. आमच्या घरी रोजचे वर्तमानपत्र हिंदी, आणि पुण्याहून पाहुणे आले की मराठी. दोन्हींतली कोडी आम्ही सोडवीत असू. ‘तालीम, दोन अक्षरे’ म्हटले की हिंदीत उत्तर ‘शिक्षा’. मराठी मनाला आधी आखाडा आठवतो! उलट मराठी कोड्यात ‘शिक्षा’ विचारली, तर उत्तर ‘दंड’. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. ‘संसार’ तिकडे सारे जग, आपल्याकडे घरप्रपंच.

हे अर्थ माळव्यात आले कोठून? अठराव्या शतकात होळकरांबरोबर दख्खनची माणसे इकडे आली. १८१८च्या मंदसौर तहानंतर राजधानी महेश्वरहून इंदूरला आली. दरबारी दफ्तर मराठीत, मोडी लिपीत लिहिले जाई. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. कारभार हिंदीत गेला आणि मराठी घरापुरती उरली.

वाचकहो, तुमच्या सीमाभागातला शेजार येथे उपयोगी पडतो. कानडीत ‘शिक्षे’ म्हणजे दंडच आणि ‘संसार’ म्हणजे कुटुंबच. तेलुगूतही तसेच. म्हणजे या शब्दांपुरती अर्थाची सरहद्द मराठी आणि कानडी यांच्यामधून जात नाही. ती मराठी आणि हिंदी यांच्यामधून जाते. नर्मदेच्या उत्तरेला राहूनही इंदूरचे मराठी घर या शब्दांना दख्खनचाच अर्थ देत आले.

आता शाळेत ‘शिक्षा’ मिळवणारी आमची नातवंडे ‘आजोबा, शिक्षा वाईट कशी?’ असे विचारतात. त्यात चूक काहीच नाही. मूळ संस्कृतात शिकणे हाच अर्थ आहे. पण मराठी अर्थ ठाऊक नसला, तर आजीचे निम्मे बोलणे त्यांना उलटे कळेल. यासाठी या सुट्टीत मुलांना जवळ घ्या आणि आपल्या दोन भाषांतल्या अशा जुळ्या शब्दांचे एक कोडे घरीच आखा. पाच उभे, पाच आडवे शब्द पुरेत.