चाल एकाची, वाद्यमेळ दुसऱ्याचा : मुंबईच्या स्टुडिओंतील गोमंतकीय वादक

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' प्रदर्शित झाला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. पडद्यावर अमिताभ बच्चन ज्या नावाने स्वतःची ओळख करून देतात, ते पटकथेसाठी रचलेले असावे, अशीच बहुतेक प्रेक्षकांची समजूत झाली. प्रत्यक्षात त्या नावाचे व्हायोलिनवादक तेव्हा हयात होते. चित्रपटाचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यांपैकी प्यारेलाल लहानपणी गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. गुरूंची आठवण म्हणून हे नाव गाण्यात आले. गुरूंचे नाव घराघरांत गेले, पण गुरू कोण हे फार थोड्यांना कळले.

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात असे अनेकजण आहेत. त्यांची कथा गोव्यातील चर्चच्या शाळांपासून सुरू करावी लागते.

पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा उभ्या राहिल्या. प्रार्थनेसाठी गायक-वादक हवेत म्हणून तेथे मुलांना स्वरलेखन वाचणे, समूहात गाणे आणि बहुधा व्हायोलिन शिकवले जाई. धर्मकार्यासाठी दिलेले हे शिक्षण पुढे पोट भरण्याचे साधन बनले. गोव्यात नोकऱ्या थोड्या. त्यामुळे वादक ब्रिटिश हिंदुस्थानात आले आणि लष्कराची व संस्थानिकांची बँडपथके, हॉटेले, मूकपटांची थिएटरे यांत शिरले. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरातील 'कूड' म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली वसतिस्थाने. खिशात फारसे पैसे नसलेल्या कित्येकांचा मुंबईतील पहिला मुक्काम तेथेच पडला.

पुढे एकामागून एक दारे बंद होत गेली. १९३१ साली 'आलम आरा'बरोबर बोलपट आला आणि मूकपटांना साथ देणाऱ्या वाद्यवृंदांचे काम संपत गेले. १९४७ च्या फाळणीने लाहोरची हॉटेले सुटली. तेथे बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा मुंबईला आले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींची कमाई आटली. पाश्चात्त्य स्वरलेखन सराईतपणे वाचणारे वादक कामाच्या शोधात होते, आणि त्याच सुमारास चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. संगीताच्या इतिहासात प्रतिभेची चर्चा भरपूर होते. दारूबंदीसारख्या कायद्याची तेवढी होत नाही. या कथेत तरी तो कायदा बाजूला ठेवता येणार नाही.

स्टुडिओतले काम समजून घेतल्याशिवाय या वादकांचे मोल कळत नाही. संगीतकार बहुधा हार्मोनियमवर चाल बांधी, गायकाला शिकवी. त्यानंतर अरेंजर, म्हणजे वाद्यसंयोजक, ती चाल कागदावर उतरवून घेई. मुखडा आणि अंतरा यांच्यामधले संगीत कोणत्या वाद्यांवर जाईल, गायकाच्या ओळीमागे व्हायोलिनचा ताफा काय वाजवील, बासरी कुठे थांबेल, हे सारे त्याच्या हातचे. मग प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र पाने तयार होत. ध्वनिमुद्रण सर्वांनी एकत्र वाजवूनच व्हायचे. एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी समोरचा कागद पाहताक्षणी वाजवणारा माणूस अमूल्य ठरे.

खरी कसोटी मात्र वेगळीच होती. रागसंगीत एका वेळी एका स्वराच्या वाटेने चालते. पाश्चात्त्य पद्धतीत अनेक स्वर एकाच वेळी उभे राहतात. यमनातल्या चालीखाली भलतेच स्वरसमूह ठेवले तर यमन उरत नाही. रागाला धक्का न लावता त्याला आधार कसा द्यायचा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते या मंडळींनी कामाच्या ओघात शोधले. डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनची जी दुसरी, समांतर धून वाहती ठेवली, ती या शोधाचे उत्तम उदाहरण. त्या काळातले कोणतेही आवडते गाणे लावून एकदा फक्त मागची व्हायोलिने ऐकावीत. मूळ गाण्याच्या खाली आणखी एक गाणे सापडते.

या श्रमाची नोंद कशी झाली? तबकडीवर संगीतकाराचे नाव असे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अरेंजरला फार तर 'सहायक' म्हटले जाई, अनेकदा तेवढेही नाही. लिहिलेली पाने जपण्याची पद्धत नव्हती. पडद्यावर चेहरा दिसण्याचे भाग्य क्वचित कोणाला लाभले. आल्दोना गावचे ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', हे त्यांपैकी एक. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासोबत त्यांनी काम केले आणि १९५१ च्या 'अलबेला'त ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही झळकले. मुंबईत त्यांची तुलना लुई आर्मस्ट्राँगशी होत असे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सारे संगीत गोमंतकीय वादकांनीच केले आणि संगीतकार केवळ नावाचे धनी होते, असे अलीकडे उत्साहाच्या भरात म्हटले जाते. ते पुराव्यावर टिकत नाही. डिसोझांनी ओ. पी. नय्यर यांच्यासाठीही काम केले आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठीही. तरी दोघांची गाणी पहिल्या काही सेकंदांत वेगळी ओळखू येतात. संगीतकाराचा ठसा खराच होता. दुसरा हातही तितकाच खरा होता, आणि त्याला कर्तृत्व म्हणून मोजण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

गोन्साल्विस यांना हे पुरेसे वाटले नाही. माजोर्ड्यात १९२७ साली जन्मलेले हे वादक १९४३ मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात आले आणि स्टुडिओत वाजवता वाजवता रागसंगीताच्या प्रेमात पडले. भारतीय रागांवर आधारलेल्या रचना पूर्ण सिंफनी वाद्यवृंदाने वाजवाव्यात, ही त्यांची आकांक्षा होती. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात झालेल्या कार्यक्रमात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. प्रयोग गाजला, पण रुजला नाही. एवढ्या वादकांचा खर्च सतत कोण उचलणार? १९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर त्यांनी चित्रपटसृष्टीकडे वळून पाहिले नाही. ते माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची विद्या मात्र मुंबईतच राहिली होती. राहुल देव बर्मनही त्यांच्या शिष्यांत गणले जातात. प्यारेलाल यांनी तर स्वतःच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन स्वतःच केले. चाल बांधणाऱ्या जोडीतच पाने लिहिणारा माणूस आला, आणि आधीच्या पिढीत दोन माणसांत विभागलेले काम एकाच नावाखाली एकवटले.

कुडचड्याचे ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनी निराळी वाट धरली. हिंदी संगीतकारांचे सहायक म्हणून वर्षानुवर्षे राबल्यावर त्यांनी स्वतः कोंकणी चित्रपट काढले : १९६३ मध्ये 'आमचें नशीब' आणि १९६६ मध्ये 'निर्मोण'. निर्माता म्हणून पडद्यावर त्यांचे स्वतःचे नाव आले. पुढच्याच वर्षी 'निर्मोण'ची कथा हिंदीत 'तकदीर' नावाने आली. तिला संगीत दिले लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी.