पाच आकड्यांचं कुळ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या एमआयडीसीतून मुंबई-गोवा महामार्गाला लागणाऱ्या टँकरवर चार आकडे रंगवलेले असतात. 1830 म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक. टँकर उलटला तर आधी आकडा वाचायचा, मग काय करायचं ते ठरवायचं. ड्रायव्हर कुठल्याही मुलखातला असो, आकडा तोच. अमेरिकेतल्या शस्त्रक्रियेच्या बिलावरचे पाच आकडेही अशाच गरजेतून जन्मले.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1966 साली ‘सीपीटी’ ही यादी काढली. डॉक्टरांच्या कामाला सगळीकडे एकच नाव असावं म्हणून. तेव्हा प्रत्येक कामाला आकडे चारच होते आणि भर शस्त्रक्रियांवर. पाचवा आकडा 1970 च्या आवृत्तीत आला. 1983 मध्ये तिथल्या सरकारने मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यासाठी ही यादी उचलली आणि नोंदीसाठी जन्मलेला आकडा पैशाच्या हिशेबाला जुंपला गेला.

पण आकड्याच्या आधी कुणाचा तरी हात असतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पूर्वी लांबलचक चीर द्यावी लागे. पुष्कळांचा पाय जाई, कित्येकांचा जीवही. सिनसिनाटीच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला मदतनीस म्हणून उभं राहता राहता थॉमस फोगार्टीने हे पाहिलं होतं. पुढे त्याने रबरी हातमोज्याच्या करंगळीचं टोक कापलं आणि बारीक नळीच्या टोकाला बांधलं. मासेमारीच्या गळावर खोटी माशी बांधायची सवय होती, त्याच गाठी इथे कामी आल्या. नळी गुठळीपलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा, मागे ओढायचा; गुठळी बाहेर. 1961 मध्ये ती पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. आजही तिला फोगार्टीच म्हणतात.

त्याच काळात कृत्रिम रक्तवाहिन्याही आल्या होत्या. आपण ज्याला टेरिलीन म्हणत आलो, त्याच धाग्याच्या. या नळ्यांतही, म्हणजे ग्राफ्टमध्येही, गुठळी होते, म्हणून सीपीटीत तिच्यासाठी वेगळे आकडे. पायातला बायपास ग्राफ्ट मोकळा केला तर 35875, त्याच वेळी ग्राफ्टची दुरुस्तीही केली तर 35876. डायलिसिससाठी हातात बसवलेल्या ग्राफ्टमधली किंवा फिस्टुलातली (धमनी आणि शीर थेट जोडून केलेल्या वाटेतली) गुठळी उघडून काढली तर 36831, दुरुस्तीसह 36833. हा एका आकड्याचा फरक मला फार मोलाचा वाटतो. डायलिसिसचा ग्राफ्ट शिरेला जिथे जोडलेला असतो तिथे तो बहुधा अरुंद होतो, आणि रक्त तिथेच अडतं. नुसती गुठळी काढली नि अरुंद जागा तशीच ठेवली, तर ती पुन्हा भरणार. सर्जनने कारणापर्यंत हात घातला की नाही, हे तो आकडा सांगतो. पुण्या-नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या शस्त्रक्रियांची टिपणं वाचून त्यांना आकडे लावणारी आपली मुलंमुली नेमकी ही दुरुस्तीची ओळच शोधत असतात.

आपल्याकडे रीत निराळी. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली; रत्नागिरीची पाळी 21 नोव्हेंबर 2013 ला आली. 2017 पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे. तिथे उपचाराचं पॅकेज ठरलेलं, रक्कमही ठरलेली. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जायचं. डायलिसिसही त्यात आहे.

डायलिसिसवरच्या माणसाला ही कुळकथा ठाऊक असण्याची गरज नाही. तो रोज सकाळी ग्राफ्टवर दोन बोटं टेकवतो. आत थरथर लागली पाहिजे. लागली नाही तर त्याच दिवशी, दुपारची वाट न बघता, दवाखाना गाठायचा.