दोन स्वरांचा उपचार

स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या १७४५ सालच्या वृत्तांतात एक छोटीशी नोंद आहे. लिहिणारा ओलोफ दालिन डॉक्टर नव्हता, कवी आणि इतिहासकार होता. विषय होता गाऊ शकणारा एक मुका. शेतकऱ्याच्या तेहेतीस वर्षांच्या मुलाला आजाराचा जबर झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पुढे ‘हो’ एवढा एकच शब्द तोंडातून निघू लागला, बाकी सारं हातवाऱ्यांनी चाले. पण आजारापूर्वी पाठ असलेली काही स्तोत्रं तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट गायचा. सुरुवातीला कोणीतरी सोबत गाऊन सूर लावून द्यावा लागे, एवढंच.

आपल्याकडेही ज्या घरात अर्धांगाचा झटका आलेलं माणूस आहे, तिथे हे बघायला मिळतं. आजोबांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण आरती सुरू झाली की शब्द बिनचूक येतात. कोणी ‘एक, दोन’ म्हटलं की ते दहापर्यंत जातात. चिडले तर शिवीही खणखणीत. मग घरात कुजबुज होते, ‘बोलता येतं हो त्यांना, मुद्दाम बोलत नाहीत.’ हा आरोप खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे उमगायला वैद्यकाला बराच काळ लागला.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे लेबोर्न्य नावाचा रुग्ण आला. त्याला बोललेलं बरंचसं समजे, पण उत्तरादाखल ‘तां’ एवढाच आवाज निघे. राग अनावर झाला की मात्र एक शिवी बाहेर पडे. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. वाक्य जुळवून उच्चारण्याचं काम मुख्यतः डाव्या मेंदूचं, ही समजूत तिथून रुजली. झटक्यात हा भाग गेला की जो वाचाघात होतो, त्याला आजही ब्रोकांचंच नाव आहे.

मग आरती कुठून येते? लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी त्याच सुमारास या प्रश्नाला हात घातला. बोलता न येणारी पण गाणारी मुलं त्यांनी पाहिली होती आणि १८७१ साली त्यांवर लिहिलंही होतं. त्यांचं म्हणणं असं, की नवं वाक्य रचणं वेगळं आणि जिभेवर रुळलेले बोल आपसूक येणं वेगळं. शिव्या, प्रार्थना, आकडे, गाणी ही दुसऱ्या जातीची. डावा मेंदू दुखावला तरी ती टिकतात, कारण त्यांत उजव्या मेंदूचा वाटा असावा. आजोबा मुद्दाम गप्प नसतात, ते असं. आरती म्हणता येणं आणि पाणी मागता येणं ही दोन निराळी कामं आहेत.

आता गाणं शाबूत आहे तर त्याचा उपयोग करून घ्यावा, हे कोणालाही सुचेल. सुचलंही. अमेरिकेतले मेंदुविकारतज्ज्ञ चार्ल्स मिल्स यांनी १९०४ सालीच रुग्णांना गायला लावण्याची शिफारस केली होती. पण पाठ असलेलं गाणं कितीही वेळा गाऊन घेतलं तरी ते गाणंच राहतं. त्यातले शब्द सुटे होऊन जेवणाच्या ताटापर्यंत पोचत नाहीत.

ही अडचण फोडली बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात. मेंदुविकारतज्ज्ञ मार्टिन अल्बर्ट आणि वाचा उपचार करणारे रॉबर्ट स्पार्क्स व नॅन्सी हेल्म यांनी १९७३ साली तीन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि पद्धतीला ‘मेलॉडिक इंटोनेशन थेरपी’ असं नाव दिलं. त्यांची करामत अशी, की त्यांनी ओळखीची गाणी बाजूला सारली. चाल ओळखीची निघाली की रुग्ण त्या गाण्याच्या शब्दांत घसरतो. म्हणून चाल जवळजवळ काढूनच टाकली आणि दोन स्वर ठेवले, आपल्या भाषेत षड्ज आणि कोमल गंधार यांच्याएवढ्या अंतराचे. बोलताना ज्या अक्षरावर जोर पडतो ते वरच्या स्वरावर आणि लांबवून, बाकीची खालच्या स्वरावर. शिवाय प्रत्येक अक्षराला डाव्या हाताचा एक ठोका.

इंग्रजीत शब्दातल्या ठरावीक अक्षरावर जोर असतो, मराठीत तसा ठसठशीत नसतो. पण लघु-गुरू आहेतच. ‘मला चहा हवा’ हे वाक्य घ्या. लघु-गुरूच्या तीन जोड्या आयत्याच मिळतात. ‘म’ खाली, ‘ला’ वर आणि लांब, ‘च’ खाली, ‘हा’ वर. थेरपिस्ट समोर बसून रुग्णाचा डावा हात हातात घेते आणि टेबलावर सहा ठोके देत वाक्य नुसतं गुणगुणते. मग दोघं मिळून शब्दांसह म्हणतात. पुढच्या खेपेला ती अर्ध्यावर गप्प होते आणि रुग्णाला वाक्य एकट्याने तडीला न्यावं लागतं. मग ती म्हणते आणि तो मागून म्हणतो. शेवटी ती विचारते, ‘काय हवं?’ आणि उत्तर त्याच दोन स्वरांत यावं लागतं. एक पायरी जमल्याशिवाय दुसरी नाही. वाक्यं लांबत जातात, ठोके सुटतात, मग स्वर पुसट होत नुसती लय उरते आणि शेवटी लयही साध्या बोलण्यात मुरते. यात आठवडे, महिने जातात.

उपचार कामाला येतो, पण कशामुळे, यावर वाद आहे. मूळ कल्पना अशी, की सुरांमुळे उजवा मेंदू बोलण्याच्या कामाला जुंपला जातो. पॅरिसमध्ये १९९६ साली सात रुग्णांच्या मेंदूचं चित्रण झालं, तेव्हा अशा गुणगुणत्या उच्चारात डाव्या बाजूचेच शाबूत भाग जागे झालेले दिसले. बॉस्टनमध्येच गॉटफ्रीड श्लाउग यांच्या गटाने २००९ साली सहा रुग्ण तपासले, तर उपचारानंतर उजव्या बाजूचा एक मज्जातंतूंचा जुडगा वाढलेला आढळला. २०११ साली लाइपझिगच्या संशोधकांनी सतरा रुग्णांना तेच शब्द कधी गाऊन, कधी नुसत्या तालात म्हणायला लावले. गाण्याने वेगळा फायदा दिसला नाही; लय आणि तोंडात बसलेले शब्द यांचंच पारडं जड निघालं. सूर की ताल, याचा निकाल अजून लागायचा आहे.

त्याच २०११ सालात अमेरिकी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी लागली. त्यांना पुन्हा बोलतं करण्यात संगीतोपचाराचा हात होता, आणि त्यानंतर ही पद्धत सामान्य लोकांच्या कानावर गेली. तेव्हापासून ‘संगीताने वाचा परत येते’ असं सरसकट म्हटलं जातं. तसं ते नाही. ज्याला बोललेलं समजतं, काय म्हणायचं ते मनात असतं आणि तोंडून मात्र निघत नाही, अशालाच हा उपचार मानवतो. जो अस्खलित पण निरर्थक बोलतो आणि दुसऱ्याचं ज्याला उमगत नाही, त्याला नाही. हे ठरवायचं स्पीच थेरपिस्टने. अशा तज्ज्ञांचं शिक्षण मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होतं, आणि मोठ्या रुग्णालयांत ते असतात.

घरच्यांनी करायचं काम वेगळं. रुग्णाला दिवसभरात जे सांगावंसं वाटतं ते टिपून ठेवा: पाणी, दुखतंय, पंखा लावा, बाथरूमला जायचंय. ही यादी थेरपिस्टला द्या, तालमीला तीच वाक्यं घ्यायला सांगा आणि शिकून घेऊन घरी रोज करा. भजनं जरूर लावा, माणसाचं मन रमतं आणि तेही कमी नाही. चहा मागायला शिकायचं तर मात्र तालीम ‘मला चहा हवा’ याच वाक्याची लागते.