यकृतातील साखरेचे कोठार

रात्री जेवून झोपलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी साखर अधिक निघते, तेव्हा तो म्हणतो, “रात्रभर तर मी काही खाल्लंच नाही, मग ही आली कुठून?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच सापडलेले आहे.

साखर वनस्पतींनीच बनवावी आणि प्राण्यांनी ती केवळ खर्चावी, असे पूर्वी शास्त्रज्ञ मानीत. क्लोद बेर्नार या फ्रेंच संशोधकाने १८४८ साली कुत्र्याला नुसते मांस खाऊ घातले. आतड्यात साखर नव्हती. यकृतातून निघणाऱ्या रक्तात मात्र ती होती! १८५५ मध्ये त्याने एक यकृत साखर संपेपर्यंत पाण्याने धुतले व तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्यात पुन्हा साखर! १८५७ मध्ये त्याने ती साखर देणारा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढला. यकृत हे कोठार ठरले.

या कोठारावर पहारा इन्सुलिनचा. ते १९२१ साली टोरांटोत हाती आले. पण १९३६ मध्ये हिम्सवर्थने दाखवले की, काही रुग्णांचे शरीर इन्सुलिनला दादच देत नाही. यकृतात चरबी साठली की बहुधा असेच होते. पहारेकरी ओरडत राहतो आणि कोठार रात्रभर उघडेच! उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम भरते. हाच पूर्वमधुमेह.

मात्र हे दार पुन्हा लावता येते. अशाच लोकांवरील एका अमेरिकन प्रयोगात आहार, व्यायाम व थोडी वजनघट यांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, असे २००२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा साखरेचा डबा दूर ठेवाच. पण पोटातले कोठारही विसरू नका.