‘हच’ : एका सॉफ्टबॉल प्रशिक्षिकेची कारकीर्द

स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या मैदानावर लिही’ असं संपादक मंडळाने मला फर्मावलं होतं. मी लिहितेय मात्र अमेरिकेतल्या एका प्रशिक्षिकेबद्दल. जरा धीर धरा, मैदान येतंच.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी लेकीकडे अ‍ॅन आर्बरला होते. तिथे मिशिगन विद्यापीठाच्या मुलींची सॉफ्टबॉलची मॅच पाहायला गेलो. पिचरने हात खालून फिरवून पहिला चेंडू टाकला आणि पस्तीस वर्षांनी माझा तळहात आपोआप पुढे झाला. कॅचरची सवय! लेक हसली. कडेला उभ्या असलेल्या, करड्या केसांच्या एका बाईंकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या हच.” खेळाडूसुद्धा त्यांना तसंच हाक मारतात. आपण सरांना नुसतं ‘पाटील’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

कॅरल हचिन्स यांचा जन्म १९५७ चा, मिशिगन राज्यातल्या लॅन्सिंगचा. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा तो कायदा. त्यात खेळही आले, पण कागदावर. कॅरल मिशिगन स्टेट विद्यापीठात बास्केटबॉल आणि सॉफ्टबॉल, दोन्ही खेळायच्या. १९७६ मध्ये त्यांच्या संघाने सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा त्या शॉर्टस्टॉप होत्या. गंमत म्हणजे एनसीएए ही तिथली बडी क्रीडासंस्था तेव्हा मुलींच्या स्पर्धा घेतच नव्हती. स्त्रियांची वेगळी संघटना ते काम करायची.

पुढची गोष्ट मला त्या विजेतेपदापेक्षा मोठी वाटते. दौऱ्यावर मुलींना जेवणाचा भत्ता मुलांपेक्षा कमी मिळे, राहण्याची सोयही तशीच दुय्यम. १९७९ मध्ये बास्केटबॉलच्या मुली आपल्याच विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात गेल्या. वादी म्हणून पहिलं नाव हचिन्स यांचं. तो खटला आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बाविशीच्या आतबाहेरची मुलगी!

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या नववीच्या वर्षी विभागीय स्पर्धेसाठी आपला संघ निवडला गेला होता, आठवतं? मुलांच्या क्रिकेटला एसटीचे पैसे मिळाले, आपल्याला ‘यंदा तरतूद नाही’ असं उत्तर मिळालं. सरांनी स्वतःच्या खिशातून निम्मं भाडं देऊ केलं होतं. उरलेलं घरून आणायचं होतं, आणि आम्हा चौघींच्या घरून ते आलं नाही. संघ गेलाच नाही. आम्ही एकीनेही विचारलं नाही की मुलांसाठी तरतूद कशी झाली. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

हच विचारत राहिल्या. १९८३ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक झाल्या आणि १९८५ च्या हंगामापासून मुख्य. तिथली अडचण हवामानाची. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो तेव्हा मैदानावर बर्फ असतो. म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे संघ फ्लोरिडा, कॅलिफोर्निया असा उबेच्या शोधात फिरतो आणि घरच्या मैदानावर उशिरा उतरतो. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाच्या मुलींना बारा महिने सराव, त्यामुळे अजिंक्यपद पश्चिमेकडेच जायचं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाला एनसीएएचं अजिंक्यपद मिळालं नव्हतं.

ते २००५ मध्ये मिळालं. ओक्लाहोमा सिटीत यूसीएलएविरुद्ध तीन सामन्यांची अंतिम फेरी होती. पहिला हरल्या, दुसरा जिंकल्या. तिसरा सात डावांत सुटेना, १-१ अशी बरोबरी. दहाव्या डावात सामंथा फिंडले या पहिल्या वर्षाच्या मुलीने तीन धावांचा होमरन मारला. ४-१! मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली, ते सांगत नाही.

पुन्हा अजिंक्यपद आलं नाही. २०१५ मध्ये अंतिम फेरीत फ्लोरिडाने तिसऱ्या सामन्यात हरवलं. म्हणून मी त्यांची कारकीर्द चषकांवर मोजत नाही. तसं मोजलं तर अ‍ॅरिझोनाचे माइक कँड्रिया आठ अजिंक्यपदांसह कितीतरी पुढे आहेत. पण ऑगस्ट २०२२ मध्ये हच निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १,७०७ विजय होते, आणि तिथल्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कुणाचेच नव्हते. मिशिगनमध्ये अडतीस हंगाम, एकही तोट्याचा नाही. त्यांची जागा घेतली बॉनी थॉल यांनी. त्याही मिशिगनच्याच माजी खेळाडू, पुढे हच यांच्या हाताखाली जवळजवळ तीस वर्षं साहाय्यक.

आणि त्या मैदानाचं नाव काय, माहीत आहे? ‘अ‍ॅल्युम्नाय फील्ड’. म्हणजे माजी विद्यार्थ्यांचं मैदान.

आता आपलं मैदान. परवा फोटो पाहिला, होमप्लेटच्या जागी सायकल स्टँड झालाय. शेजारच्या पटांगणात मुली सॉफ्टबॉल खेळतात, असं सध्याच्या क्रीडाशिक्षिका म्हणाल्या. स्पर्धेच्या प्रवासखर्चाचं काय, असं मी त्यांना विचारलंय. उत्तर स्नेहसंमेलनात प्रत्यक्ष देणार आहेत.

ता.क. शाळेचा तो डाव्या हाताचा, अंगठ्यापाशी सुतळीने शिवलेला कॅचरचा ग्लोव्ह कुणाकडे असेल तर घेऊन या. रागावणार नाही.