वसईच्या गहाण तोफा

मे महिना आला की वसईविजयाच्या पोस्ट फिरायला लागतात. चिमाजी आप्पा, सुरुंग, बुरूज, घंटा. आपण बेलापूरकरही त्या शेअर करतो, कारण किल्ले गावठाणाजवळचा आपला पडका किल्लाही पोर्तुगीजांकडूनच मराठ्यांनी घेतला. पण त्या वेढ्यातला एक व्यवहार कुणी फारसा सांगत नाही. तो जुन्या तोफांचा आहे.

१७३९ चा फेब्रुवारी. तारापूर जानेवारीतच पडलं होतं, आता वसईला वेढा. गोव्याकडून मदत यायची, तर तिकडेच व्यंकटराव घोरपडे साष्टीत घुसलेले. म्हणजे गोवा स्वतःच अडकलेला. वसईत दारूगोळ्याइतकीच टंचाई पैशाची. शिपायाला पगार हवा, धान्य हवं. मग हात पसरायचा कुणापुढे? खाडीपलीकडच्या मुंबईकर इंग्रजांपुढे. आणि ही मुंबई पोर्तुगीजांनीच राजकन्येच्या लग्नात १६६१ च्या कराराने आंदण दिलेली, हे विसरू नका!

इंग्रजांनी आधी हात वर केले. आमचाच खर्च भागत नाही म्हणाले. बरीच विनवणी झाली, तेव्हा १५,००० रुपये द्यायला तयार झाले. तेही उसने, तारण ठेवून. तारण काय? चर्चमधली चांदीची भांडी आणि काही पितळी तोफा. त्या तोफा कुठून आणल्या? किल्ल्याच्या संरक्षणातूनच काढल्या. समोर मराठ्यांचे मोर्चे, आणि आपल्याच तटावरची तोफ उतरवून सावकाराकडे पाठवायची, का, तर उरलेल्या तोफांजवळ उभ्या राहणाऱ्यांना पगार देता यावा.

पितळी तोफाच का, लोखंडी का नाहीत? आमच्या भंगारवाल्यालाही हे कळेल. ओतीव लोखंडाची जुनी तोफ खाऱ्या हवेत गंजते, आतून चिरली तर कळत नाही आणि एक दिवस गोलंदाजाच्याच अंगावर फुटते. पितळी तोफ सहसा आधी फुगते, वाकते, सावध करते. शिवाय वापरून जुनी झाली तरी तिच्या धातूचं मोल राहतं. वितळवा, पुन्हा ओता. म्हणून वापरलेल्या हत्यारात सावकाराला चालेल असं तेवढंच.

रक्कम किती हलकी होती ते बघा. वसई गेल्यावर त्याच साली मुंबईत तटाभोवती खंदक खणायचं ठरलं, तर तिथल्या व्यापाऱ्यांनी एकट्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. शेजाऱ्याचा किल्ला वाचवायला १५,०००, तेही गहाणावर. स्वतःवर आल्यावर त्याच्या दुप्पट!

काही मित्र म्हणतात इंग्रजांनी दगा दिला. मला तसं वाटत नाही. मदतीचा शब्द देऊन फिरवला असता तर दगा. ते नुसते सावकार झाले. घासाघीस करायला दोन्ही बाजूंना थांबण्याची सोय लागते, आणि इथे एकालाच ती होती. वसईवाल्याला दर पटला नाही तर दुसरं दुकान नव्हतं. धातूला मुंबईत किती भाव येतो हा प्रश्नच उरला नाही, सुरुंग किती जवळ आलाय त्यावर भाव ठरला.

(आपल्याकडे नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात वसईची घंटा आहे, १७२१ ची. भीमाशंकरला १७२९ ची. घंटा जिंकून आणल्या, त्या सगळ्यांना ठाऊक. गहाण पडलेल्या तोफा कुणाच्या आठवणीत नाहीत.)

मेमध्ये सुरुंग उडाले, तट फुटला, पोर्तुगीजांनी तह केला आणि महिना संपायच्या आत ते वसई सोडून गेले. मुंबईकरांनी वेळ दवडला नाही. कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे धाडलं, कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे. जुलैमध्ये तह झाला आणि इंग्रजांना पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक मिळाली.